भंडाऱ्याची पावलं

धुळा कोळेकरचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मोबाईलमध्ये गजर लावलेला असायचा, पण तो वाजायच्या आत धुळाची चूल पेटलेली असायची. जतच्या माळावर मेंढरं राखली तेव्हाही चार, साताऱ्याच्या एमआयडीसीत ट्रक भरले तेव्हाही चारच. साठी ओलांडल्यावर शिराळ्याच्या वरच्या जंगलात कामाला आला, तरी उठायची वेळ तीच राहिली. घाईचं कारण तेवढं बदललं. डोंगरावर ठेवलेल्या सापळ्यांत रात्रीतून जे अडकलं असेल, ते उजाडायच्या सुमारास बाहेर काढायचं असे. सुपारीएवढाल्या जिवांना पत्र्याच्या डब्यातला गारठा सोसत नाही. उशीर झाला तर हाताला मेलेलं लागतं, आणि मेलेलं मोजायला कोणी डोंगर चढत नाही.

काम साताऱ्याच्या अंकिता फडतरेचं होतं. शिकलेली मुलगी, विद्यापीठाचा अभ्यास. वाघ, गवा, अस्वल यांच्यामागे फिरणारे पुष्कळ. ही उंदीर आणि चिचुंद्र्यांच्या मागे. डोंगराच्या पायथ्याला कोण राहतं, मध्यावर कोण, माथ्यावर कोण, खालचा वर का येत नाही आणि वरचा खाली का उतरत नाही, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी घडीचे पत्र्याचे सापळे होते. एका तोंडानं उघडे, आत शेंगदाण्याचं कूट, खोबरं, गूळ आणि ज्वारीचं पीठ यांची गोळी. प्राणी आत गेला, तळाच्या पट्टीवर पाय पडला, की दार मिटायचं.

सापळे वर न्यायचे, लावायचे, पहाटे बघायचे, दुपारी धुवायचे. सगळं पाठीवर. गाडीरस्ता नाही, पायवाटही अर्ध्यापर्यंतच. पुढं कारवीची झुडपं वाकवून चढायचं. धुळानं पहिल्याच दिवशी पोत्याची बांधणी बदलली. ओझं कमरेवर लोंबलं की माणूस मागं ओढला जातो. ते खांद्यांच्या मधोमध बसलं पाहिजे. आणि चढताना बोलायचं नाही. चढताना बोलणारा माणूस माथ्यावर जाऊन बसतो, आणि बसला की काम थांबतं.

हे काम त्याला लालासाहेबांमुळं मिळालं. लालासाहेब म्हणजे अंकिताचे वडील. फौजेतून निवृत्त होऊन ते साताऱ्यातल्या एका कारखान्याच्या फाटकावर बसायचे, आणि त्याच कारखान्यात धुळा ट्रक भरायचा.

"धुळा, माझी पोरगी डोंगरात उंदीर मोजते. तिला ओझ्याचा माणूस पाहिजे," ते म्हणाले होते.

"मोजून काय करत्यात?"

"सोडून देते."

धुळानं थोडा विचार केला. "पगार बी सोडून देत्यात, का हातात देत्यात?"

"हातात. पण तंबाखू सोडावी लागंल. सापळ्याला वास लागता कामा नये."

तंबाखू सुटायला पावसाळा गेला. बायको सुलाबाई हे ऐकून खूश झाली, पण बाकीचं तिच्या गळी उतरेना. ती जतच्या बाजूला, त्यांच्या वस्तीवरच राहायची. संध्याकाळी फोनवर विचारायची,

"आवं, आज काय गावलं?"

"दोन काटेरी केसाचं उंदीर आन एक चिचुंद्री."

"मग?"

"वजन केलं, सोडलं."

"धरतासा आन सोडतासा. मग धरतासा कशाला? हितं घरात लय हायती, ती कुणी पैसं देऊन धरंना."

"घरचं येगळं गं. ही जंगलातली."

"त्यास्नी काय शिंगं हायती व्हय?"

शिंगं नव्हती. पण एवढं त्याला दिसू लागलं होतं की उंदीर म्हणजे नुसता उंदीर नाही. मेंढक्याला शेकडो मेंढरांत प्रत्येकीचं तोंड वेगळं दिसतं, तसं झालं. एकाची पाठ काट्यांसारख्या राठ केसांची. एकाची शेपटी निम्मी काळी आणि पुढची निम्मी पांढरीफेक. एक चिचुंद्री एवढी बारीक की कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला लावली तर काटा हलला की वाऱ्यानं हलला ते कळायचं नाही. तिचं लांब, खाली वळलेलं नाक बघून धुळा म्हणाला होता, "ही तर आमची माडग्याळी." जत तालुक्यातली माडग्याळची मेंढी तिच्या पोपटासारख्या वाकड्या नाकावरून ओळखू येते. अंकिताला ते एवढं आवडलं की तळावर त्या चिचुंद्रीला सगळे माडग्याळीच म्हणू लागले.

धरलेला जीव पुन्हा सापडला तर ओळखू यावा म्हणून त्याच्या मागच्या अंगावरची केसांची चिमूट कातरायची असे. कुठं आणि किती, ते अंकितानं शिकवलं. कातर धुळानं चालवली. जन्मभर लोकर कातरलेला हात. हाताचं माप तेवढं लहान करावं लागलं. पहिल्या आठवड्यात एका उंदरानं त्याच्या अंगठ्याला कडाडून चावा घेतला. धुळा कातर थांबवून त्याला म्हणाला, "झालं का तुझं? आता माझं करू दे."

माडग्याळी हा शब्द त्याच्या तोंडात उगाच आला नव्हता. टँकरच्या वर्षांत चारा संपला तेव्हा त्यानं कळप विकला होता. त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून सुलाबाईचं वाडगं, म्हणजे मेंढरं कोंडायचं कुंपण, रिकामं होतं. रिकाम्या वाडग्यात ती मिरच्या वाळवायची, आणि ते तिला आवडायचं नाही. शेजारच्या वस्तीवर गुंडा नावाचा मेंढका होता. त्याच्या कळपात एक तरणी माडग्याळी होती, पांढरी, अंगावर तांबूस ठिपके, नाकाला डौलदार बाक. सुलाबाईचा तिच्यावर जीव बसला होता. रोज पदरात मूठभर मटकीचा भुसा घेऊन ती तिकडं जायची. गुंडानं सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत थांबतो, त्याच्यापुढं नाही. कर्नाटकातला व्यापारी माझ्या दारात बसलाय. माडग्याळीची किंमत म्हशीच्या किमतीशी भांडते. धुळाच्या हिशेबानं दिवाळीपर्यंत पगार चालू राहिला तर मेंढी येत होती. मध्येच थांबला तर येत नव्हती.

आणि पगार थांबायची चिन्हं दिसू लागली होती.

या माथ्यावर अंकिताला एक झाडउंदीर हवा होता. अंगठ्याएवढा, तांबूस, शेपटी अंगाहून लांब. ती शेपटी तो डहाळीला गुंडाळतो आणि वेलींवरून, फांद्यांवरून चालतो. जमिनीवर क्वचितच उतरतो. त्यासाठी काही सापळे वेलींना आणि फांद्यांना बांधून ठेवायचे. धुळानं एकदा बॅटरीच्या उजेडात शेपटी तेवढी पाहिली होती. अंकितानं तीही पाहिली नव्हती.

"दसऱ्यापर्यंत बघायचं," ती भादव्यात म्हणाली. "नाही सापडला तर हा माथा बंद करून धरणाच्या पलीकडच्या बाजूला तळ हलवायचा. तिकडं तिथली माणसं घ्यावी लागतील. तसं ठरलंय."

"म्हंजे आमी घरी," नाथाजी म्हणाला. नाथाजी शिराळ्याचा, वाटाड्या आणि स्वयंपाकी. वाट त्याला चांगली माहीत होती. स्वयंपाकाचं तेवढं म्हणता येणार नाही.

"मला बरं वाटत नाही, पण हो," अंकिता म्हणाली.

त्या रात्री धुळानं फोनवर सुलाबाईला हे सांगितलं नाही. मेंढीनं भुसा खाल्ला का, एवढंच विचारलं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी अंकिता किराणा आणायला शिराळ्याला उतरली होती. आदल्या दिवशी धुतलेले सापळे तळासमोरच्या कातळावर उन्हात उघडे पडले होते. धुळानं सकाळी आंघोळ केली, ट्रंकेतून भंडाऱ्याची पिशवी काढली आणि कामाला लागला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची. माळावर होता तेव्हा तो लोकरीची कातर, काठी आणि घोंगडं पुजायचा. कारखान्यात हातगाडी पुजायचा. लालासाहेबांनी तिला स्वतः हार घातला होता. यंदा ज्यावर पोट चाललं होतं ते हे पत्र्याचे डबे. त्यानं एकेक सापळा हातात घेतला, कपाळाला लावला, आतबाहेर भंडारा टाकला आणि वर झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. नाथाजीनं नारळ फोडला.

"उंदराच्या पिंजऱ्याची पूजा आमच्या शिराळ्यात कुणी बगितली न्हाई गड्या," नाथाजी खोबरं चावत म्हणाला.

"तुमी नागपंचमीला नागाची करतासा. नाग काय खातो?"

"उंदीर."

"मग नागाच्या जेवणाची कुणीतरी केली पायजेच की."

दुपारी दोघांनी सापळे पाठीवर घेतले, माथ्यापर्यंत नेले आणि जागच्या जागी लावले. वेलींवरचे धुळानं सुतळीनं बांधले, हलवून बघितले, पुन्हा आवळले. काम चोख झालं. वासाची आठवण त्याला एकदाही झाली नाही. तंबाखूला वास, साबणाला वास, उदबत्तीला वास. म्हणून उदबत्ती त्यानं लावलीच नव्हती. पण भंडारा? जन्मल्यापासून कपाळावर, अंगरख्यावर, अंथरुणात भंडारा असलेल्या माणसाच्या नाकाला त्याचा वास येतो कुठं.

दसऱ्याच्या पहाटे तिघं फेरीला निघाले. पायथ्याकडचा पहिला सापळा रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यापाशी अंकितानं बॅटरी जवळ नेली आणि बोट आत फिरवलं.

"धुळामामा, हे पिवळं काय आहे?"

"भंडारा."

"कशाला?"

"काल खंडेनवमी न्हवं का."

तिनं बॅटरी मागच्या सापळ्यांकडं वळवली. "सगळ्या सापळ्यांना?"

"एकाला लावायचा आन दुसऱ्याला न्हाई, आसं कसं करता ताई?"

नाथाजी पलीकडं तोंड करून खोकला. अंकिता दगडावर बसली. ती रागानं ओरडली असती तर धुळाला सोपं गेलं असतं. तिनं फक्त हात गुडघ्यावर ठेवले. "मामा, मुद्दाम केलं नाहीत, ठाऊक आहे. पण आज शेवटची फेरी होती. नवा वास म्हटल्यावर कोण आत येणार?"

तेव्हा धुळाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं तळहात नाकाला लावला. वास होता. मेंढी डोळ्यांपुढून गेली, आणि तिच्यामागून मिरच्या वाळत घातलेलं वाडगं. पण उरलेले सापळे वर होते, आणि ते बघायचे राहिले होते. त्यानं पोतं उचललं आणि न बोलता चढू लागला.

माथ्यावर पोचले तेव्हा उजाडत होतं, पण दाट अंजनीच्या झाडांखाली धुकं आणि काळोख तसाच होता. ओझं खाली टेकवण्याआधी धुळानं सवयीनं विंचवाची बॅटरी काढली. तिचा जांभळा उजेड विंचवावर पडला की विंचू हिरवा चमकतो. माथ्यावर ती फिरवल्याशिवाय कोणी खाली बसायचं नाही. त्यानं बॅटरी जमिनीवरून फिरवली. विंचू नव्हता. मग ती वेलीला बांधलेल्या सापळ्याकडं वळली.

वेल चमकत होती.

एक ठिपका, जरा पुढं दुसरा, मग दोन जवळजवळ. पिवळट हिरवे, मोहरीएवढे. सापळ्याच्या दारापासून निघून ते वेलीवरून वर गेले होते. धुळानं साधी बॅटरी लावली. नुसती ओली साल दिसली. पुन्हा जांभळी लावली, ठिपके आले.

"ताई," तो हळूच म्हणाला. "हिकडं या. पाय वाजवू नका."

अंकितानं आधी सापळा पाहिला. दार अर्धवट मिटलं होतं. बिजागरीत झेंडूची पाकळी अडकली होती, म्हणून ते पुरतं बसलं नव्हतं. आतली गोळी फस्त. जो आला होता, त्यानं खोबऱ्याचं आणि शेंगदाण्याचं तेल पायांना माखून घेतलं, त्या पायांनी भंडारा तुडवला आणि तो आरामात निघून गेला.

"पावलं आहेत," अंकिता म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तेलात हळद मिसळलीय, म्हणून चमकतात. मामा, बॅटरी स्थिर धरा."

पावलं वेलीवरून अंजनीच्या खोडावर गेली, खोडावरून वर, आणि माणसाच्या उंचीच्या बऱ्याच वर एका ढोलीपाशी संपली. ढोलीच्या कडेला पिवळा डाग होता, जणू कोणी दारात पाय पुसून आत गेलं होतं.

फांदी हाताला येत नव्हती. शिडी तळावर. नाथाजी म्हणाला, "आणतो मी." पण तो खाली जाऊन वर येईपर्यंत लख्ख उजाडलं असतं आणि आतला जीव खोल दडला असता. धुळा झाडाला पाठ लावून उभा राहिला, गुडघे वाकवले आणि खांद्यावर थाप मारली.

"चढा."

"मामा, तुमच्या खांद्यावर पाय कसा देऊ?"

"कारखान्यात ह्या खांद्यावर सिमिट होतं. तुमी काय त्याच्याहून जड न्हाई. ओझ्याचाच पगार हाय ताई."

अंकितानं बूट काढले. वाकून त्याच्या पायांना हात लावला, मग नाथाजीच्या हाताचा आधार घेऊन खांद्यावर उभी राहिली. धुळानं तिच्या घोट्यांना धरलं आणि गुडघे सरळ केले. ओझं नीट बसलं होतं. त्यानं श्वास खाली सोडला आणि वाट पाहू लागला.

वरून सालीचा चुरा खाली पडला.

"काय हाय?" नाथाजीनं विचारलं.

"गप," अंकिता म्हणाली.

धुळाचे खांदे भरून आले. मुंगी मानेवरून कानात गेली, तिला जाऊ दिलं. शेवटी वरून कुजबुज आली, "पानांचं घरटं आहे. आत दोघं आहेत. एक झोपलाय. दुसरा बसलाय आणि पाय चाटतोय. त्याच्या मिशा पिवळ्या आहेत, मामा. शेपटी काटकीला गुंडाळलीय."

"आवडला का भंडारा त्याला?"

"तुम्ही हसू नका, मी पडेन."

हसत नाथाजी होता. धुळा स्थिरच होता. हसला तो तिला खाली उतरवल्यावर. तिनं फोनमध्ये काढलेलं चित्र दाखवलं. अंधूक होतं, तरी पिवळ्या मिशा कळत होत्या. धुळानं ते खूप वेळ धरून ठेवलं. एवढ्याशा जिवाला पाच-पाच बोटांचे हात, आणि चेहऱ्यावर भाव असा की कोण रे तुम्ही माझ्या दारात. नाथाजीनं जवळच्या झुडपाची पानं तोडून सगळ्यांच्या हातात दिली. आपटा नव्हता, पण त्या दिवशी कोणी झाड विचारलं नाही.

आता तळ हलवायचा प्रश्नच नव्हता. घरटं सापडल्यावर ते खालून, लांबून बघायला माणसं लागणार होती. अंकितानं खाली येऊन फोन केले आणि माथ्याचं काम दिवाळीनंतरही चालू राहील असं नक्की केलं. मग ती धुळाकडं वळली. "आणि सगळे सापळे पुन्हा धुवायचे, मामा."

"गरम पाण्यानं. दोनदा."

"बिजागरीतली पाकळीसुद्धा काढायची."

"व्हय."

"पुढच्या खंडेनवमीला एक जुना सापळा मी तुम्हाला वेगळा काढून देईन. त्याला काय भंडारा लावायचा तो लावा."

धुळानं सापळे दोनदा धुतले. तिसऱ्यांदा नाकाला लावून बघितले, पण त्याच्या नाकाचा भरवसा नव्हता, म्हणून नाथाजीला हुंगायला लावले. त्या संध्याकाळी सुलाबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्हंजे देवाचा भंडारा उंदरानं नेला."

"नेला न्हाई. लावून घेतला."

"मग शाना हाय," सुलाबाई म्हणाली. उंदरांविषयी तिनं काढलेला तो पहिला चांगला शब्द.

दिवाळीला सुट्टी मिळाली. शिराळ्याहून सांगली, सांगलीहून जत. मांडीवर पिशवी, पिशवीत पगार. एसटीत धुळा झोपला नाही. दुसऱ्या दिवशी चारला उठला, तो आणि सुलाबाई उजाडताना गुंडाच्या वस्तीवर गेले. गुंडानं नोटा घेतल्या आणि दोरी धुळाच्या हातात दिली. माडग्याळीनं बाकदार नाक उचलून धुळाला हुंगलं आणि सुलाबाईच्या पदरात तोंड घातलं. भुसा तिथं असतो हे तिला पाठ होतं.

वाडग्यातल्या मिरच्या सुलाबाईनं आदल्या दिवशीच काढल्या होत्या. मेंढीच्या कपाळाला तिनं भंडारा लावला. धुळानं खिशातून बारीक कातर काढली आणि सवयीनं मेंढीच्या मागच्या अंगावरची चिमूटभर लोकर कातरली.

"आवं, हे काय?"

"खूण. परत गावली तर वळखायला."

सुलाबाईनं दोरी त्याच्या हातातून काढून घेतली. "आता वजन करून सोडून देतासा का काय हिला?"

"हिला न्हाई," धुळा म्हणाला, आणि वाडग्याचं दार ओढून घेतलं. ते नीट बसलं का, ते त्यानं हलवून पाहिलं. आत सुलाबाई आणि तिची माडग्याळी होती.